जंबील, गिलीम आणि जाळे : अमर अय्यारच्या संग्रहाचे एक वाचन

उर्दू गद्याचा इतिहास शिकविताना 'दास्तान-ए-अमीर हमजा' या प्रचंड ग्रंथमालेच्या वाट्याला बहुधा अर्धा तास येतो. फोर्ट विल्यम कॉलेज, नवलकिशोर छापखाना, 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही नावे फळ्यावर लिहिली जातात. जिन्न, पऱ्या आणि जादूगारांनी भरलेले हे मनोरंजनाचे वाङ्मय कादंबरीच्या उदयाबरोबर मागे पडले, असे सांगून अध्यापक नजीर अहमद यांच्याकडे वळतात. विद्यार्थ्याच्या वहीत एकच वाक्य उरते : दास्तानीत अद्भुत वस्तूंची रेलचेल असते. त्या वस्तू कोणत्या, त्या कोणाच्या हाती असतात आणि त्याच्याच हाती का, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार दास्तानीतील एका पात्राच्या आधारे केला आहे. ते पात्र म्हणजे अमीर हमजाचा बालमित्र, हेर आणि बहुरूपी असा अमर अय्यार. (या नावाचे उमर, अम्र, उमरो असेही उच्चार आढळतात, मराठीतील 'अमर' या शब्दाशी त्याचा संबंध नाही.) मुशाफिरीत हाती येईल ती वस्तू आपल्या झोळीत टाकणारा हा गडी उर्दू वाचकांना विनोदी पात्र म्हणून परिचित आहे. त्याचा संग्रह ही अद्भुताची अडगळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. संग्रहातील वस्तू एकेक करून पाहिल्या तर मात्र निराळेच चित्र दिसते. राजेरजवाड्यांच्या या कथेत गरिबाच्या नजरेला जी जागा मिळाली, ती या झोळीतच मिळाली आहे.

दास्तानीची वाटचाल

हमजाची कथा मूळची फारसी मौखिक परंपरेतील असून ती कथाकारांबरोबर हिंदुस्थानात आली. सम्राट अकबराने १५६२ च्या सुमारास 'हमजानामा'च्या चित्रांचे काम सुरू करविले. सुमारे पंधरा वर्षे चाललेल्या या कामात कापडावर जवळजवळ १,४०० चित्रे काढण्यात आली. त्यांपैकी दोनशेहूनही कमी आज शिल्लक आहेत आणि त्यांतील मोठा वाटा व्हिएन्ना व लंडन येथील संग्रहालयांत आहे. एका चित्रात अमर अय्यार मजमहिल या वैद्याच्या वेशात अंतालीच्या जादूगारांवर खोटे उपचार करताना दाखविला आहे.

दख्खनशी या कथेचा संबंधही जुना आहे. हाजी किस्साख्वान हमदानी नावाचा इराणी कथाकार १६१२ मध्ये हैदराबादेत आला. पुढे अब्दुल्ला कुत्बशाहाच्या (१६२६–१६७२) दरबारात त्याने हमजाच्या कथेचा 'जुब्दतुर्रुमूज' हा फारसी संक्षेप तयार केला. हैदराबादच्या मराठी भाषिक विद्यार्थ्याला ही दास्तान लखनौची म्हणून परकी वाटण्याचे कारण नाही. लखनौच्या छापखान्यात शिरण्याच्या अडीचशे वर्षे आधी ती गोवळकोंड्याच्या दरबारात पोहोचली होती.

उर्दूत खलील अली खान अश्क यांनी १८०१ मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजसाठी ही कथा लिहिली. १८५५ मध्ये कलकत्त्यात गालिब लखनवी यांची आवृत्ती निघाली आणि १८७१ मध्ये अब्दुल्ला बिलग्रामी यांनी तिचे संस्करण नवलकिशोर छापखान्यासाठी केले. त्यानंतर याच छापखान्याने ४६ खंडांची महामालिका छापली. तिचा सर्वांत गाजलेला भाग म्हणजे 'तिलिस्म-ए-होशरुबा'. त्याचे पहिले चार खंड मुहंमद हुसैन जाह यांनी आणि पुढचे अहमद हुसैन कमर यांनी लिहिले. हे लेखन १८८३ ते १८९३ या दशकातले आहे. नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' १८६९ मधली. म्हणजे उर्दूतील पहिली मानली जाणारी कादंबरी आल्यानंतर दास्तानीचा हा सर्वांत मोठा छापील आविष्कार झाला. कादंबरी आली आणि दास्तान मागे पडली, हे वर्गात सांगितले जाणारे सूत्र सनावळीलाच धरून नाही.

संग्रहातील तीन प्रकार

अमर अय्यारकडील वस्तूंचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार तबर्रुकांचा, म्हणजे थोरांकडून प्रसाद म्हणून मिळालेल्या वस्तूंचा. हिंदच्या मोहिमेत सरंदीप म्हणजे श्रीलंकेच्या भूमीवर अमरला पैगंबरांच्या कृपेने काही वस्तू लाभतात. त्यांत जंबील ही झोळी आहे. तिच्यात कितीही टाकले तरी ती भरत नाही आणि हवे ते तिच्यातून काढता येते; किंबहुना तिच्यात एक निराळे जगच वसलेले आहे. दुसरी वस्तू गिलीम. ती पांघरणारा दुसऱ्यांना दिसेनासा होतो. तिसरी हजरत इलियास यांच्या नावाने ओळखले जाणारे जाळे. त्यात घातलेली वस्तू कितीही जड असली तरी उचलता येते.

दुसरा प्रकार धंद्याच्या साधनांचा. अय्यार हा हेर, बहुरूपी, भूल देणारा आणि दोरावरून किल्ला चढणारा असतो. फासाचा दोर म्हणजे कमंद, खंजीर, गोफण, बेशुद्ध करणारी पूड, चेहरा बदलण्याचे रंग आणि तेले, निरनिराळे पोशाख, पेटते नफ्त फेकण्याच्या कुप्या ही त्याची हत्यारे. यांत अद्भुत काहीच नाही. ती शिकावी लागतात आणि सराव नसेल तर निकामी ठरतात.

तिसरा प्रकार केवळ गोळा केलेल्या वस्तूंचा, आणि विनोद आहे तो इथेच. बेशुद्ध पडलेल्या जादूगाराचे दागिने तर अमर उतरवतोच, शिवाय त्याचे कपडेही काढून घेतो. दरबार उठला की गालिचे, पडदे, भांडी जंबीलमध्ये जातात. रणांगणावर इतर वीर विजयाचा जयघोष करीत असताना हा मेलेल्यांच्या कमरेचे पट्टे सोडवीत असतो. एवढे असूनही प्रत्येक कामगिरीच्या आधी तो खर्चासाठी पैसे मागतो आणि आपण कर्जात बुडालो आहोत असे रडगाणे गातो.

श्रोत्यांना हसविणारा हा तिसरा प्रकार पहिल्या दोहोंच्या शेजारी का ठेवला आहे, यातच दास्तानीच्या कलेचे मर्म आहे. पैगंबरांची देणगी, कारागिराची हत्यारे आणि चोरीचा माल एकाच झोळीत एकत्र नांदतात. केवळ पावित्र्य दाखवायचे असते तर कथाकाराने चोरीचा माल दुसरीकडे ठेवला असता.

गरिबाची हत्यारे

तबर्रुकांची नावे नीट वाचली पाहिजेत. 'जंबील' या शब्दाचा साधा अर्थ टोपली. फकीर भिक्षेसाठी जी टोपली फिरवितो, तीही जंबीलच. अजोधन येथे बाबा फरीद (मृत्यू १२६५) यांच्या जमातखान्यासाठी जंबील फिरविली जात असे, अशी नोंद चिश्ती परंपरेत आहे. मराठीत तिला जवळचा शब्द 'झोळी' हाच. 'गिलीम' म्हणजे जाडेभरडे लोकरी वस्त्र. आपल्याकडे धनगराच्या खांद्यावर जी असते ती घोंगडी तिची सख्खी बहीण म्हणावी लागेल. जाळे हे तर कोळ्याचे आणि पारध्याचे साधन.

याउलट अमीर हमजाला मिळालेल्या वस्तू पाहाव्यात. त्यालाही पैगंबरांचा प्रसाद मिळतो, पण तो चिलखत, शिरस्त्राण, तलवारी, ढाल आणि घोडा या रूपाने. समसाम आणि कुमकाम या तलवारी, काफ पर्वताच्या मुलखात हाती आलेली अकरब-ए-सुलेमानी, सियाह कैतास हा घोडा या साऱ्या सरदाराच्या वस्तू आहेत. पैगंबरांच्या नावांबरोबर तेथे रुस्तम आणि साम या इराणी वीरांचीही नावे येतात.

एकाच कृपेचे दोन वाटे असे पडतात. साहिबकिरानाला राजाची शस्त्रे मिळतात आणि उंटवाल्याच्या पोराला भिकाऱ्याची झोळी, धनगराची घोंगडी आणि कोळ्याचे जाळे. दास्तान वर्गभेद मोडत नाही, तो पाळते. मात्र वस्तूंचे सामर्थ्य पाहिले तर पारडे फिरते. तलवारीने एका वेळी एक शत्रू मरतो. झोळीत मात्र अख्खे जग मावते. आणि होशरुबात, जिथे शत्रू जादूगार आहे, तिथे हमजाच्या तलवारीपेक्षा अमरची घोंगडीच अधिक उपयोगी पडते. तिलिस्म जिंकण्याचा मान हमजाचा नातू असद याच्या नशिबी लिहिलेला आहे; पण असद पुन:पुन्हा संकटात सापडतो आणि गोष्ट पुढे सरकते ती अमर आणि त्याच्या साथीदार अय्यारांमुळे.

गिलीमीचे अदृश्य करण्याचे सामर्थ्यही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. जाडीभरडी घोंगडी पांघरलेल्या माणसाकडे दरबारात कोणी पाहत नाही, हा तर रोजचा अनुभव. दास्तानगोने तोच अनुभव एका पायरीने पुढे नेला : ज्याच्याकडे कोणी पाहत नाही तो सर्व काही पाहतो.

अंगठीपासून झोळीपर्यंत

अमरच्या हावरटपणाला दास्तानीने एक जन्मकथा दिली आहे आणि ती विनोदाच्या भरात सहज निसटून जाते. इराणच्या बादशहाचा वजीर बुजुर्जमेहर मक्केत येतो. भावी वीर त्या दिवशी जन्मणार हे त्याला ज्योतिषाने कळलेले असते. हमजाचा जन्म झाल्यावर, त्याच दिवशी जन्मलेल्या इतर मुलग्यांनाही बक्षीस मिळेल असे तो जाहीर करतो. उमय्या नावाच्या उंटवाल्याच्या कानी हे पडते. त्याची बायको गरोदर असते, पण दिवस भरलेले नसतात. सोन्याच्या लोभाने तो तिला लाथ मारतो. मूल जन्मते आणि आई मरते. ते मूल घेऊन तो बक्षिसासाठी धावतो. बुजुर्जमेहर त्या बाळाला उचलून त्याच्या कानात अजान देऊ लागतो, तेवढ्यात बाळ त्याच्या बोटातली अंगठी काढून तोंडात लपविते.

अमरच्या संग्रहातली ही पहिली वस्तू. ऐकणारे अंगठीच्या चोरीवर हसतात आणि तिच्या आधीचा मृत्यू विसरतात. दास्तानीने मात्र दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगितल्या आहेत. सोन्यासाठी ज्याला या जगात ओढून आणले आणि त्यापायी ज्याची आई गेली, तो जन्मभर सोने गोळा करीत राहिला. हमजाला बक्षीस मिळविण्यासाठी काहीच करावे लागले नाही. तो सरदाराच्या घरी वेळेवर जन्मला. जंबील कधी भरत नाही, हे तिचे अद्भुत सामर्थ्य म्हणून सांगितले जाते. या जन्मकथेनंतर तेच वाक्य भुकेचे वर्णन वाटू लागते.

महाभारतातील द्रौपदीच्या थाळीशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा स्पष्ट होईल. सूर्याने दिलेली ती थाळी द्रौपदीचे जेवण होईपर्यंत अन्न पुरविते. ती देणारी वस्तू आहे आणि तिला रोजची मर्यादा आहे. जंबील मुख्यतः घेणारी वस्तू आहे आणि तिला तळ नाही. थाळीमागे गृहिणीचा, म्हणजे आल्यागेल्याला वाढण्याचा विचार आहे. जंबीलमागे ज्याचे घरच नाही अशा फिरस्त्याचा विचार आहे. ज्याला कोठार नाही तो आपले कोठार खांद्यावर घेऊन फिरतो.

जादूगाराची वस्तू आणि अय्यारची वस्तू

होशरुबाचा बादशहा अफरासियाब याच्याकडेही अद्भुत वस्तूंची कमतरता नाही. त्याचे राज्य दृश्य आणि अदृश्य प्रदेशांत विभागलेले असून मध्ये रक्ताची नदी वाहते. त्याच्यापाशी सामरीचा ग्रंथ आहे. तो उघडला की कोण कुठे आहे आणि काय करीत आहे ते कळते. त्याच्या बाजूने लढणारे जादूगार मंतरलेल्या वस्तू फेकतात. पुढे असदच्या पक्षाला येऊन मिळणारी मलिका बहार हिचे फुलांचे गुच्छ पाहून शत्रूसैन्य भान हरपते.

या वस्तू आणि अमरच्या वस्तू यांत दास्तान एक नियम पाळते. जादूगाराची जादू त्याच्या प्राणाशी बांधलेली असते. तो मेला की अंधार होतो, कल्लोळ उठतो, त्याच्या नावाचा पुकारा होतो आणि त्याने उभे केलेले सारे विरून जाते. अमरची झोळी तशी नाही. ती त्याची निर्मिती नसल्यामुळे त्याच्याबरोबर नष्ट होण्याचा प्रश्नच येत नाही. जादू ही अहंकाराची मालमत्ता आहे, तर तबर्रुक ही ठेव आहे. अय्यार स्वतः जादू करीत नाही. तो प्रसादावर, हत्यारांवर आणि डोक्यावर चालतो.

सर्वज्ञ ग्रंथ हाती असूनही अफरासियाब फसतो, यातील विनोद सूक्ष्म आहे. ग्रंथ उघडल्यावर खरे कळते, परंतु तो उघडण्याची गरज आहे हे आधी सुचावे लागते. समोर आलेली दासी किंवा सरदार हाच अमर असेल अशी शंका बादशहाला वेळेवर येत नाही, आणि आली तोवर पेयात पूड पडलेली असते. माहिती आणि शहाणपण यांतला हा फरक आजच्या विद्यार्थ्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

याच काळात हिंदीत देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' आली. तिच्यातील ऐयारही बटव्यात पुड्या आणि कमंद बाळगतात. पण तेथे तिलिस्म हे पूर्वजांनी खजिन्याच्या रक्षणासाठी केलेले यंत्रकाम आहे. कमंद आणि पूड राहिली, जंबील मात्र गेली. नव्या काळाच्या बुद्धीला पटेल तेवढे खत्रींनी ठेवले. त्यांची कथा त्यामुळे सुटसुटीत झाली, पण भिकाऱ्याच्या झोळीत जग मावण्याची कल्पना तिच्यात उरली नाही.

यादीचे प्रयोजन

दास्तानीत वस्तूंच्या लांबलचक याद्या येतात आणि छापील पानावर त्या कंटाळवाण्या वाटतात. संक्षिप्त आवृत्त्या करणारे प्रथम त्यांनाच कात्री लावतात. मात्र या याद्या मुळात कानासाठी होत्या, हे विसरून चालणार नाही. सर सय्यद अहमद खान यांच्या 'आसारुस्सनादीद' (१८४७) मध्ये दिल्लीच्या जामा मशिदीच्या उत्तर दरवाजाजवळ बसून हमजाची दास्तान सांगणाऱ्या कथाकाराचा उल्लेख आहे. दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. ही कला नंतर लोपली आणि २००५ पासून दिल्लीत तिचे नव्याने प्रयोग सुरू झाले.

शम्सुर्रहमान फारूकी (१९३५–२०२०) यांनी नवलकिशोर मालिकेचे सर्व ४६ खंड मिळविले आणि १९९९ पासून 'साहिरी, शाही, साहिबकिरानी' हा बहुखंडी ग्रंथ लिहिला. दास्तान ही मौखिक कला आहे आणि कादंबरीच्या मापाने तिला मोजणे अन्यायाचे आहे, हा त्यांचा मूळ मुद्दा. तो मान्य केला की यादीचे स्वरूप बदलते. मराठी वाचकाने येथे गोंधळ्याची आठवण करावी. गोंधळाच्या आरंभी निरनिराळ्या गावच्या देवतांना एकामागून एक आवाहन केले जाते. ते नुसते माहितीसाठी नसते. त्या लयीत श्रोता बांधला जातो आणि कोणाचेही दैवत वगळले जात नाही.

दास्तानगोचेही तसेच होते. सतराव्या शतकात अब्दुन्नबी फख्रुज्जमानी याने हमजाची कथा सांगणाऱ्यांसाठी 'तिराजुल अखबार' नावाचा संग्रह केला. कथाकाराने प्रसंगानुसार जोडावेत असे युद्ध, मैफल, प्रेम आणि अय्यारी या विषयांवरील उतारे त्यात एकत्र केलेले आहेत. म्हणजे कथाकाराजवळही एक झोळीच असे. अमर जंबीलमध्ये हात घालून वेळेला लागेल ती वस्तू काढतो, तसाच कथाकार स्मरणात हात घालून लागेल ते वर्णन काढतो. जंबीलच्या प्रसंगांना श्रोत्यांची विशेष दाद मिळत असेल तर त्याचे एक कारण हेही असावे.

आक्षेप आणि त्यांचे तथ्य

एवढे सांगितल्यावर आक्षेपांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. पहिला आक्षेप कलेविषयी आहे आणि तो बराचसा खरा आहे. जिच्यातून काहीही निघू शकते अशी झोळी हाती असली की नायकावरच्या संकटाला अर्थ उरत नाही. सुरुवातीच्या अय्यारींत वेशांतर, पूड आणि कमंद यांवर भर असतो. तेथे अमर चुकू शकतो, पकडलाही जातो. जिथे कथाकार दमतो, तिथे जंबील नुसती सुटका करणारी युक्ती बनते. दुसऱ्या प्रकारच्या वस्तू, म्हणजे शिकून वापरायची हत्यारे, जितकी पुढे तितकी दास्तान सरस, असा ढोबळ निकष यावरून लावता येईल.

दुसरा आक्षेप नीतीविषयी आहे. अमर ज्यांना लुटतो ते जादूगार आणि खोट्या देवाचे भक्त आहेत, म्हणून त्यांची लूट क्षम्य, असे दास्तान गृहीत धरते. त्या लुटीत सामान्य चाकर आणि शिपाईही भरडले जातात. जंबीलमध्ये जिवंत माणसेही कोंबली जातात आणि कथा त्यावर हसते. अमर गरिबांतून आलेला असला तरी गरिबांचा कैवारी नाही. तो साहिबकिरानाचा चाकर आहे आणि आपल्या धन्याची सत्ता वाढवितो. या पात्राला बंडखोर ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. दास्तान गरिबाची नजर देते, गरिबाला न्याय देत नाही.

तिसरा आक्षेप धार्मिक संकोचाचा आहे. हजरत हमजा (रजि.) हे पैगंबर मुहंमद (स.) यांचे चुलते, इस्लामच्या इतिहासातील आदरणीय व्यक्तिमत्त्व. त्यांच्या नावाने अशी कल्पित कथा वर्गात वाचावी काय, आणि पैगंबरांच्या नावे झोळ्या आणि जाळी सांगावीत काय, असे पालक विचारतात. हा संकोच हसण्यावारी नेऊ नये. दास्तान हा इतिहास नाही आणि सीरतही नाही, हे आरंभीच स्पष्ट सांगणे अध्यापकाचे कर्तव्य आहे. तिच्यातील हमजा हा बहुतांशी इराणी वीरकथेतील नायक असून नावाखेरीज इतिहासाशी त्याचे नाते फार थोडे आहे. मात्र एका ठिकाणी ते नाते दास्तान स्वतःच जोडते, आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे.

झोळीचा शेवट

गालिब लखनवी आणि बिलग्रामी यांच्या आवृत्तीत, काफचे देव आणि पऱ्यांचे देश पालथे घालून आलेला हा नायक अखेर मक्केला परततो आणि उहुदच्या लढाईत शहीद होतो. ही लढाई इसवी सन ६२५ मधली. ती ऐतिहासिक घटना आहे. इतकी पाने जमविलेली शस्त्रे, पैगंबरांचा प्रसाद म्हणून मिळालेली चिलखते, देवाच्या पोटी जन्मलेला घोडा यांपैकी कशानेही तो मृत्यू टळत नाही. कल्पनेच्या मुलखात गोळा केलेले सामान इतिहासाच्या सीमेवर खाली ठेवावे लागते, हे दास्तानगोने कुठेही बोलून दाखविलेले नाही. त्याने कथा तिथे नेऊन संपविली एवढेच.

दास्तान कधीही न संपणाऱ्या संग्रहाची गोष्ट सांगते, पण संग्रहाने माणूस तरतो असे ती म्हणत नाही. म्हणूनच जंबील ही अडगळ ठरत नाही. तिच्यात गरिबाची भूक, कारागिराचे कसब आणि थोरांचा प्रसाद अशा तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि कोणती वस्तू कोणत्या खात्यातली, याचा हिशेब कथाकाराला पक्का ठाऊक आहे. वस्तूंच्या याद्या छाटून केलेल्या मुलांच्या आवृत्त्या हा हिशेबच पुसून टाकतात. मागे उरतो तो केवळ चमत्कार.

महाविद्यालयीन वर्गात याचा उपयोग साधा आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अरबी गोष्टींमुळे अद्भुतकथेची मराठीला ओळख आहेच. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला संगणकावरील खेळांमुळे साहसवीराच्या पोतडीची कल्पनाही नवी नाही. त्या खेळात पोतडीला ठरावीक कप्पे असतात आणि वस्तू कोठून आली याने काही फरक पडत नाही. त्याला अमरच्या वस्तूंची एक यादी मोठ्याने वाचून दाखवावी आणि तीन रकाने करायला सांगावे : दिलेले, शिकलेले, उचललेले. काही वस्तूंवरून वर्गात वाद होईल. अंगठी कोणत्या रकान्यात घालायची, यावर तर नक्कीच होईल. तो वाद सुरू झाला म्हणजे दास्तान शिकविण्यास आरंभ झाला असे समजावे.